ज्याला तपकिरी मासा म्हणतात

माझा धंदा नावं घेण्याचा आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न असलं की हातात माईक धरून "विंचूरहून खास या मंगलकार्यासाठी आलेले" असं म्हणत जो माणूस अर्धा तास पाहुण्यांची यादी वाचतो, तो मी. यादीतलं एक नाव गळलं तर अख्खी भावकी न जेवता उठून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे इथे मी हक्काची रजा घेतो. या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही, माझं तर नाहीच. आमचा डच जावई मला सरळ माझ्या नावानं हाक मारतो. ती ऐकली की माझी बायको अजून दचकून दाराकडे बघते, कुणी शेजारीपाजारी ऐकलं तर नाही ना म्हणून.

जानेवारीतली एक संध्याकाळ. लेक आणि जावई व्हिडिओ कॉलवर आले. ती दोघं तिकडे उत्तर समुद्राच्या काठच्या एका छोट्या गावात राहतात. लेकीनं सोनोग्राफीचा एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. राखाडी धुकं, आणि धुक्यात एक काळपट शेंगदाणा.

बायको हळूच खुर्चीवर बसली. कारण मागच्या वर्षी त्यांच्या घरच्या ह्याच सोफ्यावरून ह्या दोघांनी अशीच बातमी दिली होती, आणि दहाव्या आठवड्यात ती परत घ्यावी लागली होती. दरम्यान मी आनंदाच्या भरात गल्लीतल्या घराघरांत पेढे वाटून मोकळा झालो होतो. पुढचा महिनाभर प्रत्येक दारात कुणीतरी हसून विचारायचं, "काय आजोबा, कसं काय?" आणि मला प्रत्येक दारात पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं.

कॉल संपण्याआधीच बायकोनं फर्मान काढलं. "तीन महिने पुरे होईपर्यंत ह्या घरातून एक शब्द बाहेर जाणार नाही. अहो, मी भिंतीशी बोलत नाहीये."

"माझ्याकडे का बघतेस?"

"मग कुणाकडे बघू? माईक कुणाच्या हातात असतो?"

पडद्यावर जावई हसला, त्यानं त्या शेंगदाण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ब्रॉइनव्हिस." पोरासाठी त्यानं तात्पुरतं नाव काढलं होतं. मग त्यानं फोनवर एका प्राण्याचं चित्र दाखवलं. बुटका, गोलमटोल, डॉल्फिनचा गरीब चुलतभाऊ वाटावा असा. आमच्या समुद्राच्या बांधावरून दिसतो, तो म्हणाला, पण फार लाजाळू. पाठ वर येते, क्षणात नाहीशी होते. पुन्हा दिसेपर्यंत वाऱ्यात उभं राहून वाट बघायची.

बायकोला चित्र आवडलं नाही. "पोटातल्या बाळाला मासा म्हणतात का कुणी?"

"आई, तो मासा नाहीये," लेक म्हणाली. "श्वास घ्यायला वर येतो, पिलांना दूध पाजतो."

"मग मासा का म्हणतात?"

ह्या प्रश्नानं मला वाट सापडली. ज्या माणसाला गोड बातमी सांगायची बंदी आहे, त्यानं निदान एखाद्या शब्दाबद्दल तरी बोलावं की नाही? मला डच येत नाही. पण जुने डच शब्दकोश इंटरनेटवर सापडतात आणि भाषांतर करायला यंत्र आहेच. दुसऱ्या दिवसापासून चहाचा कप घेऊन मी त्या शब्दामागे लागलो.

शब्द दोन तुकड्यांचा आहे. व्हिस म्हणजे मासा, ब्रॉइन म्हणजे तपकिरी. तपकिरी मासा! आता गंमत बघा. तो मासा नाही हे लेकीनं सांगितलंच होतं, आणि तपकिरी तर मुळीच नाही. पाठ काळसर करडी, पोट पांढरं. ज्यानं नाव ठेवलं त्याचे दोन्ही अंदाज चुकले आणि तरी शेकडो वर्षं सगळा देश ते नाव बिनतक्रार वापरतोय. मी लगेच लेकीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, बाबा, देवमासा तरी मासा कुठे आहे, आणि देव तरी कुठे आहे. पोरगी माझ्यावर गेलेली आहे.

आणखी खणल्यावर कळलं की पूर्वी ब्रॉइन हा शब्द एवढ्या अरुंद अर्थाचा नव्हता. काळपट, गडद असं काहीही त्यात बसायचं. घासूनपुसून चकाकणाऱ्या धातूलासुद्धा हा शब्द लावत. म्हणजे होडीतल्या कुण्या कोळ्याला पाण्यातून वर आलेली ती ओली पाठ उन्हात चमकताना दिसली असेल, आणि त्यानं तेवढंच म्हटलं असेल. जेवढं दिसलं तेवढंच नाव. मला हे फार आवडलं. शेजाऱ्यांनी तर त्या बिचाऱ्याला डुक्करच करून टाकलं होतं. इंग्रजीतल्या त्याच्या नावाच्या मुळाशी डुक्कर-मासा आहे, खुद्द डचांचंही एक जुनं नाव समुद्रडुक्कर असं होतं. त्यामानानं तपकिरी मासा हे अगदी सोवळं नाव.

त्याच नादात अस्वलाची गोष्ट सापडली. उत्तरेकडच्या लोकांना अस्वलाची इतकी भीती की त्याचं खरं नाव घ्यायची सोय नव्हती, नाव घेतलं तर ते येईल. म्हणून ते त्याला नुसतं 'तो तपकिरी' म्हणू लागले, आणि पुढे तेच त्याचं नाव झालं, असं बरेच पंडित मानतात. हे वाचून मी चहा खाली ठेवला. आमच्या घरात तरी दुसरं काय चाललं होतं? बायको फोनवर लेकीला विचारायची, "सगळं ठीक ना?" सगळं म्हणजे काय ते कुणी म्हणायचं नाही. लेक म्हणायची, "ब्रॉइनव्हिस मजेत." आपणही सापाला लांबडं म्हणतो आणि गरोदर बाईला नुसते 'दिवस जातात'. मी फोन ठेवताना रोज त्या डच शब्दानं निरोप घ्यायचो आणि लेकीच्या आवाजात किती जीव आहे ते मापायचो.

इथपर्यंत ठीक होतं. मग मला अवदसा आठवली आणि ह्या प्राण्याला आपल्याकडे काय म्हणतात ते बघायला मी घरातला जाड कोश काढला.

शिशुमार.

मी पान मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द तिथेच होता. शिशु आणि मार. फोड करून सांगायची गरज नाही. मी कोश कपाटावर, सुटकेसच्या मागे ढकलून दिला आणि बायकोनं विचारलं तेव्हा "झुरळ होतं" असं सांगितलं. नंतर एका ठिकाणी वाचलं की वेदांमध्ये हा शब्द किंचित निराळा आहे आणि मुलं मारणारा हा अर्थ लोकांनी मागाहून लावलेला असावा. पण भीतीला तळटिपा वाचायची सवय नसते. त्या दिवसापासून निरोप घेताना मी तो डच शब्द टाळायला लागलो. मी उतारा शोधू लागलो, दुसरी एखादी व्युत्पत्ती, जरा शुभ. आणि मिळाली! डॉल्फिन ह्या शब्दाचं नातं ग्रीक भाषेत गर्भाशयाच्या शब्दाशी आहे. ज्याला गर्भाशय आहे असा मासा. मी ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी शब्दांचे कौल लावत बसलो होतो.

लेकीला बारावा आठवडा लागला त्या रविवारी एका लॉन्सवर लग्न होतं. वर सटाण्याचा. माझी थोरली बहीण सटाण्याला दिलेली, त्यामुळे पाहुण्यांत तीही होती, दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. मुहूर्त टळून गेला तरी वरात फाटकाबाहेर नाचतच होती. वधूच्या वडिलांनी मला हातानं खूण केली, चालू ठेवा.

माझ्याकडे अशा वेळेसाठी ठेवणीतले किस्से असतात. त्या दिवशी ते सोडून मी तपकिरी माशाला हात घातला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. चार आठवडे तोंड दाबून धरलं होतं एवढंच खरं.

"मंडळी, वरात येते आहे, तोवर मी तुम्हाला समुद्रावर नेतो! तिथे एक प्राणी आहे. नाव तपकिरी मासा. तो तपकिरी नाही. तो मासाही नाही. आपल्याकडे अशी किती माणसं आहेत ते तुम्ही मनात मोजा, मी नावं घेणार नाही!"

हशा झाला. कोळी झाला, अस्वल झालं, समुद्रडुकरावर तर टाळ्या पडल्या. मी रंगात आलो. "आणि मंडळी, ह्याच्या चुलतभावाच्या नावात काय दडलंय ठाऊक आहे? आईचा गर्भ!" एवढं बोललो आणि आवाज फाटला. माईकमधून नुसता श्वास ऐकू आला. मी पाणी मागितलं, धूळ फार आहे असं काहीतरी म्हणालो. तेवढ्यात ढोल फाटकातून आत आले आणि मी वाचलो, असं मला वाटलं.

जेवणाच्या टेबलांपाशी बहिणीनं मला गाठलं.

"काय शे रे हाई?" चाळीस वर्षं सटाण्यात काढल्यावर तिचं बोलणं अर्धं अहिराणी झालेलं आहे, 'आहे'च्या जागी 'शे' येतं. "डोळ्यांत पाणी का आलं तुझ्या?"

"धूळ."

"धूळ तर माझ्यापण डोळ्यांत गेली. गर्भ म्हणताना का गेली तुझ्या?"

"ताई, तू जेवून घे."

"जन्मात कधी मला जेवून घे म्हटलं नाहीस. म्हणजे खरं शे!" तिचा चेहरा उजळला. "पोरीला दिवस गेले ना?"

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी इकडे तिकडे बघितलं. तिला तेवढं पुरलं. मी हातातला माईक ठेवायला जागा शोधतोय तोवर तिनं फोन लावून कानाला धरलासुद्धा होता. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाई गं, आत्यापासून लपवतेस का? आता माझं बाळ सुखरूप—" आणि थांबली. फोन कानापासून दूर धरून बघितलं.

"कट केला," ती म्हणाली.

घरी जाऊन बायकोला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "किती लोक होते मांडवात?" मी म्हटलं, पण मी सांगितलं नाही, मी फक्त एका शब्दाची माहिती दिली. ती म्हणाली, "तुम्ही वर्तमानपत्राचं हवामान वाचलंत तरी घरात काय चाललंय ते लोकांना कळतं."

संध्याकाळी लेकीला फोन लावला. उचलला नाही. मेसेज टाकला, त्याखालच्या टिकखुणा निळ्या झाल्या, उत्तर नाही. बऱ्याच वेळानं जावयाचा दोन ओळींचा निरोप आला. ती विश्रांती घेते आहे, गुरुवारी तपासणी आहे, त्यानंतर फोन करू.

त्या दोन ओळी आम्ही किती वेळा वाचल्या! विश्रांती का? रागावली म्हणून, की झोपवून ठेवली आहे म्हणून? तपासणी आधीपासून ठरलेली, की अचानक? बायको म्हणाली, तिकडे डॉक्टरच बघत नाहीत, सुईण बघते, आणि ह्या मुली आठव्या महिन्यातही सायकल चालवतात. मी म्हणालो, ती रागावलीच आहे, नक्की माझ्यावर रागावली आहे. आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी माझ्यावर भयंकर रागावलेलं असावं असं मनापासून वाटत होतं.

सोमवार गेला. एका बारशाचं सूत्रसंचालन ठरलेलं होतं, ते मी घसा बसल्याचं कारण सांगून दुसऱ्याला दिलं.

मंगळवारी सकाळी दारात बहीण. एसटीनं आलेली, हातात डाळिंबांची पिशवी. बायको तिला "बसा" एवढंच म्हणाली आणि चहाला आत गेली. बहीण तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात.

"मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या काढ."

"कुणाची काढताय? पोरगी सातासमुद्रापलीकडे."

"फोटो शे ना फोनवर? तो लाव."

बायकोच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं. तिनं फोन पुसला, लेकीचा दिवाळीतला फोटो काढला आणि दोन्ही हातांत तबक धरावं तसा तो उंच धरला. बहिणीनं मूठ सात वेळा फोनभोवती फिरवली. आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, आणि माझ्याकडे बघत, "घरच्या तोंडाळांची." मध्येच पडदा विझला, तेव्हा बायकोनं अंगठ्यानं तो पुन्हा उजळवला आणि बहिणीनं पहिल्यापासून मोजलं.

मुठीतलं सगळं तव्यावर पडलं. मिरची जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजायचं. आम्हा तिघांना असा ठसका लागला की शेजारच्यांनी बेल वाजवली.

"दृष्ट नव्हती," बहीण डोळे पुसत म्हणाली.

"मग काय आहे?" बायकोनं विचारलं.

मला वाटलं, बहीण दुपारच्या गाडीनं परत जाईल. ती गेली नाही. शुक्रवारी बघू, म्हणाली. बायकोला स्वयंपाकात मदत करायची, संध्याकाळी तिला ओढून फिरायला न्यायची, आणि दिवसातून दोनदा गच्चीवर जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलायची. हळू आवाजात! मी विचारलं तर म्हणाली, मुलाशी. मी म्हटलं असेल. बुधवारी दिवसभर मी कपाटावरच्या त्या कोशाकडे पाठ करून बसलो.

गुरुवारी तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. साडेतीनपासून फोन टेबलाच्या मधोमध आणि आम्ही तिघं तीन बाजूंना. पंखासुद्धा बायकोनं बंद केला होता, रिंग ऐकू येणार नाही म्हणून. साडेचार वाजून गेले. पाच झाले. बायको म्हणाली, "वाईट असतं तर लगेच कळवलं असतं." थोड्या वेळानं तीच म्हणाली, "वाईट असलं की लोक लगेच कळवत नाहीत."

फोन वाजला तेव्हा तिघांचे हात एकदम गेले आणि तो खाली पडला. उचलला बहिणीनं.

पडद्यावर लेक. रडून सुजलेले डोळे.

"आहे," ती म्हणाली. "आहे आई. हातपाय हलवत होतं. एकदा तर पाठ करून फिरलं. ठोके ऐकवले आम्हाला." आणि ती रडता रडता हसायला लागली. मागे जावई उभा होता, त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्याचंही नाक लाल झालं होतं.

बायकोनं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "बेटा, माझी चूक झाली. मी त्या लग्नात—"

"बाबा, मी तुमच्यावर रागावले नव्हते. म्हणजे रागावले होते, पण ते नंतर." ती थांबली. "शुक्रवारपासून मला रक्ताचे डाग दिसत होते. सुईण म्हणाली, पडून राहा, गुरुवारी बघू. तुम्हाला सांगायचं धाडस होईना. मागच्या वेळी आई जेवायची बंद झाली होती. रविवारी आत्याचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये रडत होते. म्हणून कट केला."

"आणि इतके दिवस एकटी बसलीस?" बायको म्हणाली.

"एकटी कुठे? सोमवारी मी आत्याला फोन केला. म्हटलं, कुणाला सांगू नकोस. आणि मग सगळं सांगूनच टाकलं. मीच तिला म्हटलं, तू नाशिकला जाऊन बस."

आम्ही दोघांनी बहिणीकडे बघितलं. ती डाळिंब सोलत होती. कधी घेतलं हातात, देव जाणे.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?" बायकोनं विचारलं.

"व्हतं."

"मंगळवारपासून?"

"सोमवारपासून."

"आणि बोलला नाहीत!"

बहिणीनं दाणे ताटलीत झटकले. "पोरीनं नको म्हटलं होतं. आणि मला सवय शे. माझे दोन गेले होते, लग्नानंतर. तीन महिने व्हायच्या आधीच. घरात कुणाला सांगितलंच नव्हतं, मग गेल्याचं कुणाला सांगणार? सासूबाई म्हणाल्या, अंगावर जास्त जातंय, काम कमी कर. बस, एवढंच."

मी तिचा सख्खा भाऊ. तिच्या डोहाळेजेवणाला मी गेलो आहे, तिच्या थोरल्याच्या लग्नात मी माईकवर होतो. ह्यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

"लोक त्याला माझा थोरला म्हणतात," ती म्हणाली. "मी मनात त्याला तिसराच म्हणते."

फोनवर लेक ऐकत होती. बायको उठली, टेबलाला वळसा घालून बहिणीच्या शेजारी जाऊन बसली आणि उरलेलं अर्धं डाळिंब तिच्या हातातून घेऊन सोलू लागली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायकोनं वर न बघताच मान हलवली. मी तोंड मिटलं.

"आई, आता सांगितलंस तरी चालेल लोकांना," लेक म्हणाली. "सुईण म्हणाली, सगळं नीट आहे."

"पुढची सोनोग्राफी कधी?"

"विसाव्या आठवड्यात. आठ आठवड्यांनी."

"आठ?" बायको आणि बहीण एकदम म्हणाल्या, आणि "मग तोवर कुणाला काही नाही" म्हणत बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडराची पानं उलटायला सुरुवात केली.